गळती दिसते तिथे नसते



आपल्या शाळेच्या मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, जिथे शिक्षकांची वाहने उभी असतात, तिथे गेली काही वर्षे एक काळा डाग होता. शिपाईमामा रोज सकाळी त्यावर मूठभर वाळू टाकत आणि संध्याकाळी झाडून काढत. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी तिथे घसरली. कोपर खरचटले, एवढ्यावरच निभावले. पण पालकसभेत प्रश्न निघाला आणि तो निघायलाच हवा होता.

डाग इंजिन तेलाचा होता. ते तेल आपल्या क्रीडाशिक्षकांच्या मोटारसायकलचे. गाडी १९८६ सालची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. चार स्ट्रोकची, एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, हे पुढे दिसेलच. सरांनी ही गळती थांबवण्यासाठी तीन वेगवेगळ्या ठिकाणी गाडी दाखवली होती. एकाने तेल काढण्याच्या बोल्टचा वायसर बदलला. दुसऱ्याने उजवीकडच्या टायमिंग कव्हरचे पॅकिंग नवे घातले. तिसऱ्याने त्याच पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी भरपूर चिकटद्रव्य फासले आणि स्क्रू जोर लावून आवळले. दर वेळी आठ-दहा दिवस बरे जात, मग डाग परत.

हीच गाडी दिवाळीच्या सुट्टीनंतर पाच शनिवार आपल्या कार्यशाळेच्या खोलीत उभी होती आणि नववीच्या अकरा मुलामुलींनी तिची गळती शोधली. त्यावर काही पालकांनी नाराजी कळवली. विश्वस्त मंडळापुढे या खोलीचा प्रश्नही आहेच. म्हणून या पत्रकाचे काम पाहणारे आम्ही शिक्षक आमचे मत येथे मोकळेपणाने मांडत आहोत.

आधी शोध, मग पाना

या कामात आम्हाला मार्गदर्शन लाभले ते सातवीतल्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचे. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात त्यांची उभी नोकरी झाली. पहिल्या शनिवारी मुले पाने-पेचकस घेऊन गाडीभोवती बसली, तेव्हा आजोबांनी सगळी हत्यारे पेटीत परत ठेवायला लावली. म्हणाले, "गळती जिथं दिसते तिथं आधी हात लावायचा नाही. थेंब कुठं लोंबतो ते सगळ्यांनाच दिसतं. तो निघतो कुठून, ते सांगा."

त्या दिवशी एकही नट सैल झाला नाही. मुलांनी फक्त इंजिन रॉकेलने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतले, चिंध्यांनी कोरडे केले आणि त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवली. मग सर गाडी घेऊन अलकापुरीपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर पावडर जिथे ओली झाली होती, तिथून तेलाची वाट स्पष्ट दिसत होती. थेंब लोंबत होता इंजिनच्या तळाशी, तेल काढण्याच्या बोल्टवर. पण वाट निघाली होती टायमिंग कव्हरच्या पुढच्या, वरच्या काठापासून. चालत्या गाडीवर वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली उतरते. म्हणजे पहिल्या ठिकाणी बदललेला वायसर निर्दोष होता.

इथे बहुतेकांना वाटले की काम झाले, आता कव्हर उघडू. पण एका मुलीने एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत असे म्हटले तरी चालेल. ती म्हणाली, "सर, आपण मघाशी गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवली होती, तेव्हा एक थेंबही नाही पडला. फिरून आल्यावरच का पडला?"

पुढच्या शनिवारी फळ्यावर हिशेब झाला. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. घनफळ सुमारे ३४६ घन सेंटिमीटर. गणिताच्या पुस्तकातले हेच सूत्र. पिस्टन वर जातो तेव्हा पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते, हे मुलांना ठाऊक होते. पण तो खाली येतो तेव्हा त्याच्या खालची, म्हणजे क्रँककेसमधली हवाही दाबली जाते, याचा विचार कोणी केला नव्हता. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला पन्नास वेळा होते. दोन सिलिंडरच्या काही इंजिनांत एक पिस्टन खाली येताना दुसरा वर जातो, त्यामुळे आतली हवा इकडची तिकडे होते. एका सिलिंडरला ती सोय नाही. त्या हवेला बाहेर जायला वाट द्यावीच लागते. त्या वाटेला ब्रीदर म्हणतात.

या गाडीच्या ब्रीदरला एक छोटी रबरी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. आतली हवा बाहेर जाताना चोच उघडते. बाहेरची हवा आत येऊ लागली की मिटते. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमीच राहतो आणि तेल सांध्यांतून बाहेर न येता आत राहते. जुन्या इंजिनचे सांधे कोरडे राहतात ते नुसत्या पॅकिंगमुळे नव्हे, या कमी दाबामुळेही.

आजोबांनी सरांना इंजिन सुरू करायला सांगितले आणि ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी मुलांना पाळीपाळीने तळहात धरायला लावला. फुसफुस लागायला हवी होती. काहीच लागली नाही. मग तेल भरण्याचे झाकण जरा सैल केले, तर तिथून हवा फस्सकन बाहेर आली. मुलांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे झाले होते. नळी काढली तेव्हा झडपेची चोच कडक होऊन मिटलेली आढळली आणि तिच्या मागे पिवळट, लोण्यासारखा चिखल साठलेला. वाट बंद झालेली हवा मग सर्वांत कमजोर सांधा शोधत होती आणि जाताना तेल बरोबर नेत होती. गाडी नुसती उभी राहून हळू चालत होती तोवर तो दाब सांध्याला पेलत होता. रस्त्यावर वेग वाढला की पेलत नव्हता.

तो चिखल आला कुठून, हे मुलांनी सरांना विचारून काढले. सरांचे घर शाळेपासून दोन किलोमीटरही नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिचा थोडा अंश पिस्टनच्या कड्यांजवळून खाली उतरतो. इंजिन पुरेसे तापले तर ती वाफ ब्रीदरवाटे निघून जाते. रोज पाच-सात मिनिटेच गाडी चालली तर ती थंड भागात पाणी होऊन बसते आणि तेलाशी घुसळून असा चिखल होतो. म्हणजे अंगणातल्या डागाचे मूळ सरांच्या घर ते शाळा या छोट्याशा फेरीत होते. ते कुठल्याही पॅकिंगने थांबणार नव्हते.

तीन पुठ्ठे

तिसऱ्या शनिवारी फक्त झडप बदलली आणि नळी साफ केली. दुसरे काहीही नाही. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही, हे विज्ञानाच्या तासाला आम्ही दर वर्षी सांगतो. या वेळी ते मुलांनी करून पाहिले. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवायचा आणि त्यावर तारीख घालायची, असे ठरले. पहिल्या, म्हणजे दुरुस्तीच्या आधीच्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग होता. झडप बदलल्यानंतरच्या पुठ्ठ्यावर रुपयाच्या नाण्याएवढा.

कमी झाला, पण थांबला नाही. काही मुले हिरमुसली. आम्हाला विचाराल तर हा शनिवार सर्वांत मोलाचा होता. कारण खरे उत्तर सापडल्यावरही काम अर्धेच झालेले असू शकते, हे त्या दिवशी समजले.

चौथ्या शनिवारी कव्हर उघडले. आधीच्या दुरुस्त्यांच्या खुणा तिथे होत्या. जुने पॅकिंग काढताना पेचकसाने ओरखडे पडले होते. स्क्रू इतके आवळले होते की कव्हरचा काठ स्क्रूपाशी दबून मधे किंचित उचलला गेला होता. चिकटद्रव्य आतल्या बाजूला ओघळून वाळले होते. त्याचा तुकडा सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकला असता, तर गळतीपेक्षा फार मोठे नुकसान झाले असते.

मुलांनी जुने पॅकिंग बांबूच्या चपट्या कामटीने खरवडून काढले, कारण बांबू ॲल्युमिनियमला ओरखडत नाही. टेबलावर जाड काच, काचेवर बारीक पॉलिश पेपर, त्यावर चार थेंब रॉकेल. कव्हरच्या काठावर शाईच्या रेघा मारून ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे हलक्या हाताने फिरवायचे. उंच जागेवरची शाई आधी पुसली जाते, खोलगट जागेवरची राहते. सगळीकडची शाई सारखी पुसली जाईपर्यंत दीड तास गेला आणि त्या दीड तासात कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. मग कव्हर धुऊन, पॉलिश पेपरचा एक कणही राहू न देता, पॅकिंगच्या कागदातून नवे पॅकिंग कापले. स्क्रू समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे, सारख्या जोराने. "आवळलं म्हणजे बसलं असं नाही," हे आजोबांचे वाक्य मुलांनी फळ्यावर लिहून ठेवले आहे. आम्ही ते अजून पुसलेले नाही.

तेल काढण्याच्या बोल्टचा तांब्याचा वायसर वापरून कडक होतो. तो बर्नरवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ पडतो. पोलाद असे केले तर उलट कडक होते. ही गोष्ट पुस्तकात वाचून विसरलेली मुले आता कधी विसरणार नाहीत.

पाचव्या शनिवारचा, म्हणजे तिसरा पुठ्ठा कोरडा होता. सर्व मिळून खर्च तीनशे रुपयांच्या आत आला. काढलेले तेल डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे दिले. गटारात ओतले असते तर ते शेवटी विश्वामित्रीतच गेले असते.

पालकांच्या हरकती

आता पालकांच्या म्हणण्याकडे वळतो. त्यातली एकही हरकत आम्ही क्षुल्लक मानत नाही.

पहिली हरकत अशी की पुढच्या वर्षी दहावी आहे आणि शनिवार गाडीत घालवणे परवडणारे नाही. पाच शनिवार, दोन-दोन तास, म्हणजे दहा तास झाले. त्या दहा तासांत घनफळ, दाब, बाष्पीभवन, धातूंचे गुणधर्म आणि प्रयोगाची पद्धत एवढे विषय मुलांच्या हाताखालून गेले. अभ्यास बुडाला असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटत नाही.

दुसरी हरकत सुरक्षिततेची, आणि ती रास्त आहे. इंजिन सुरू करणे आणि गाडी चालवणे हे केवळ सरांनीच केले. इंजिन गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही हा नियम होता. रॉकेल वापरताना दारे-खिडक्या उघड्या होत्या आणि त्या वेळी बर्नर खोलीत नव्हता. तरीही पुढे हे काम करायचे तर हातमोजे आणि अग्निशामक नळकांडे हवे, हे आम्हाला मान्य आहे.

तिसरी हरकत एका मातोश्रींनी चिठ्ठीत लिहून पाठवली: मुलीच्या जातीला हे ग्रीसचे हात कशाला? त्यांना आदरपूर्वक सांगावेसे वाटते की अलकापुरीच्या फेरीनंतरचा तो प्रश्न मुलीनेच विचारला होता. आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा फिल्मला भोके पाडण्याचे काम शिकून घेऊन घरात बसून करणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईच होत्या.

चौथी हरकत सर्वांत विचार करण्यासारखी आहे. जुन्या पेट्रोलच्या गाड्या आता जायच्याच आहेत, विजेवरच्या गाड्यांत इंजिन तेल नाही. मग हे शिकून उपयोग काय? आमचे उत्तर असे की मुले मोटारसायकल शिकली नाहीत. बिघाड दिसतो तिथे मलम न लावता त्याच्या उगमापर्यंत मागे जायचे, एका वेळी एकच बदल करायचा, नोंद ठेवायची आणि अर्धवट यशाला पूर्ण यश म्हणायचे नाही, हे ती शिकली. विजेच्या गाडीलाही हेच लागेल. घराच्या ओल आलेल्या भिंतीलाही हेच लागते. आपण तिला दर वर्षी रंग देतो आणि गच्चीकडे पाहत नाही.

शाळेतही आपण हेच करतो, हे कबूल केले पाहिजे. एखाद्या मुलाचे गुण घसरले की शिकवणी लावतो. ती पुरली नाही की दुसरी लावतो. स्क्रू आणखी आवळतो. त्याला फळ्यावरचे दिसत नाही, की घरी झोप पुरत नाही, की चौथीतला भागाकारच कच्चा राहिला आहे, हे पाहायला कोणाला वेळ नसतो. यात गॅरेजवाल्यांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्या दारात गाड्यांची रांग असते आणि प्रत्येकाला आपली गाडी संध्याकाळी हवी असते. सरांनीही तिन्ही वेळा घाईच केली होती, हे त्यांनी मुलांसमोर हसत कबूल केले.

खोलीचा प्रश्न

ऑगस्ट २०२४ च्या पुरात कार्यशाळेच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले. हत्यारे गंजली, लाकडी टेबल फुगले. तेव्हापासून ती खोली बंदच होती. हे पाच शनिवारच काय ते दार उघडले. आता ती रिकामी करून तिथे आणखी एक संगणकाचा वर्ग करावा, असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. आमचा संगणकाला विरोध नाही. मराठी माध्यमातली पटसंख्या टिकवायची तर पालकांना दिसेल असे काही नवे लागते, ही विश्वस्तांची अडचणही आम्ही जाणतो.

पण बडोद्यात तरी हाताच्या कामाची किंमत सांगावी लागू नये. १८९० साली सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन काढले. त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांनी सांभाळली आणि कारागिरीचे, रसायनाचे, यंत्राचे शिक्षण मुलांना समजणाऱ्या देशी भाषेतून द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. आजची विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा म्हणजे त्याच कलाभवनाचे पुढचे रूप. आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्या गावात आले, त्या गावाने भाषा आणि हात यांची फारकत केली नव्हती. आपल्या मराठी शाळेने ती करू नये. त्या पाच शनिवारी मुले दाब, झडप, वाफ, पॅकिंग हे शब्द एका दमात बोलत होती. त्यातला कुठला मराठी आणि कुठला इंग्रजी, हे त्यांना आठवतही नव्हते; कारण शब्दामागची वस्तू त्यांच्या हातात होती.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे. खोली रिकामी करू नये. संगणकाचा वर्ग वरच्या मजल्यावर व्हावा. पुराचा विचार केला तरी संगणक तिथेच सुरक्षित राहतील. कार्यशाळेसाठी एक वर्षाची मुदत द्यावी. महिन्यातून दोन शनिवार, नववीच्या इच्छुक मुलामुलींसाठी. गंजलेल्या हत्यारांपैकी निम्मी तरी घासून वापरात येतील आणि ती घासण्याचे काम मुलेच करतील. पालकांपैकी जे कारखान्यात, रेल्वेत, वीजमंडळात काम करून निवृत्त झाले आहेत, त्यांनी एक-एक शनिवार द्यावा. वर्षअखेर मुलांच्या नोंदवह्या पाहून विश्वस्तांनी निर्णय घ्यावा. तो आम्ही मान्य करू.

तिन्ही पुठ्ठे शिक्षकांच्या खोलीबाहेर टांगले आहेत. येता-जाता जरूर पाहावेत. सर आता दर रविवारी गाडी डभोईपर्यंत नेऊन आणतात, इंजिन चांगले तापावे म्हणून. शिपाईमामांची वाळूची बादली कोपऱ्यात पडून आहे.

अगदी खरे सांगायचे तर, उत्तरायणानंतर पुन्हा ठेवलेल्या चौथ्या पुठ्ठ्यावर एक बारीक टिपका आढळला. मुलांनी पावडर टाकून पाहिले: तो इंजिनचा नाही, गिअरबॉक्सचा आहे. का येतो, ते अजून कळलेले नाही. खोली राहिली तर पुढच्या वर्षीची नववी शोधून काढील.